नाट्यव्यवस्थापनाचा कोर्स केला, त्याला अकरा महिने झाले: काय कामाला आलं, काय नाही

कोर्स संपला त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. नाटकाचं व्यवस्थापन आणि प्रेक्षक जोडणं, असा सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, दर शनिवार-रविवारी तास. नोकरी सांभाळून केला. त्यानंतर अकरा महिने तिथे शिकलेलं कोल्हापुरातल्या आमच्या हौशी संस्थेत वापरते आहे.

कोर्सला नाव घालण्यामागे एक कारण होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती. ती राख पाहून आलेली माणसं रडत होती, त्यात मीही होते. पुढे प्रयोग शाहू स्मारकला लावले आणि रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. आजवर लोक ‘केशवराव’ला नाटक बघायला यायचे, आमची संस्था कोणती, हे कितीजणांना ठाऊक होतं?

सर्वांत आधी उपयोगी पडला तो खर्चाचा तक्ता. नेपथ्य, कपडे हा एकदाचा खर्च वेगळा. भाडं, लाइट, साउंड, टेम्पो, चहा-नाश्ता हा दर प्रयोगाचा खर्च वेगळा. आमचा दर प्रयोगाचा खर्च २२,००० रुपये निघाला. तिकीट १५० रुपये, म्हणजे किमान १४७ तिकिटं विकली गेलीच पाहिजेत. वीस वर्षं नाटक करतोय, पण हा आकडा आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हता. तो भिंतीवर लावला आणि फुकट पासांचा विषय मिटला. पूर्वी अर्धं सभागृह पासवाल्यांचं असायचं. (५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, हेही तिथेच कळलं.)

दुसरी गोष्ट, प्रेक्षकांची वही. दारात एक मुलगी वही घेऊन बसते. नाव, पेठ, फोन, आणि ‘कुणाकडून कळलं?’ एवढंच. पहिल्या प्रयोगाला ९४ जण आले. वही वाचली तर त्यातले ६१ कलाकारांच्या घरचे. वाईट वाटलं, पण खरी स्थिती कळली. तेव्हापासून प्रयोग झाला की मी एकच आकडा बघते: दुसऱ्यांदा कितीजण आले.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मात्र कोर्समध्ये अर्धीच माहिती मिळाली. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. तीन महिने आम्ही निम्म्या लोकांशी बोलतच नव्हतो. आता वहीत नाव लिहून घेतानाच आमचा नंबर सेव्ह करून घेतो.

ईमेलचं वार्तापत्र, कंपन्यांचं प्रायोजकत्व, तरुणांसाठी कॅफेतले कार्यक्रम, या धड्यांचा इथे काही उपयोग झाला नाही. उदाहरणं सगळी मुंबई-बेंगळुरूची. कोर्सनंतर तीन महिने वैयक्तिक मार्गदर्शन मिळेल असं सांगितलं होतं. एक फोन झाला आणि पुढे कुणी विचारलंही नाही. फी बघता हे मला अजून खुपतं.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग लावू नका, हे आम्हाला कोर्सनं नाही, वहीनं शिकवलं. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठांतून आमच्याकडे कुणी येत नाही. आता सामन्यांचं वेळापत्रक बघूनच तारीख धरतो.

आणि पेठांमुळेच सगळ्यात मोठी गोष्ट घडली. ‘तुमच्या गावात आधीपासून कला कोण करतं ते शोधा’ असा एक गृहपाठ होता. मला गणेशोत्सवातले सजीव देखावे आठवले. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत पोरं महिनाभर तालमी करतात, रात्रीत दहा-बारा वेळा तोच प्रवेश जीव तोडून करतात. ही मुलं नाटकाला का येत नाहीत? आम्ही दोन मंडळांत जाऊन बसलो. देखावे पाहिले, आणि मग त्यांना आमच्या रंगीत तालमीला बोलावलं. सतराजण आले. तालीम संपल्यावर एकानं विचारलं, “ताई, लाइट असा हळूहळू कमी कसा करता?” आमच्या प्रकाशयोजनावाल्या दादांनी त्याला तासभर बोर्ड दाखवला. पुढच्या प्रयोगाला तो आई, मावशी आणि चार मित्रांना घेऊन आला, सगळ्यांची तिकिटं काढून. वहीतल्या ‘कुणाकडून कळलं?’ या रकान्यात आता मंडळांची नावं दिसतात.

वार्षिक सभासदत्वही सुरू केलंय. ५०० रुपयांत चार नाटकं. ६३ सभासद झाले. यातल्या पहिल्या चार नाटकांचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. मेसेज न पाठवता प्रत्येकाला मी स्वतः फोन करणार आहे. यादी आजच काढून ठेवली.