स्टिरिओसाठी स्वस्तातला डॅक: डोंगल, ऑप्टिकल डबी की टेबलावरचा?

डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचं ॲम्पला चालेल अशा ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी वस्तू, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी चिपचं नाव शोधतात, ईएसएस आहे का एकेएम आहे का बर-ब्राऊन, आणि तिथंच अडकतात. मी पण तेच केलेलं, आठवडाभर चिपबद्दल वाचलं, डॅक मागवला, आणि जोडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की टीव्हीला फक्त ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीचं) आउट आहे आणि आणलेल्या डॅकला फक्त यूएसबी इन. म्हणून आधी टीव्ही, लॅपटॉप, सीडी प्लेयर, जे काय वाजवणार आहात त्याच्या मागे टॉर्च मारून बघा कुठले सॉकेट आहेत, निम्मा निर्णय तिथंच होतो.

चिपचं एक सांगतो आणि तो विषय सोडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानला नोबेओकामधल्या एकेएमच्या फॅक्टरीला मोठी आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या, मग फिओ कंपनीने एकेएमची चिप असलेला आपला के५ प्रो हा डॅक ईएसएसची चिप घालून काढला, नावापुढे फक्त ईएसएस जोडलं, डबा तोच, कामही तेच. चिपच्या भोवतीचं सर्किट आणि पॉवर सप्लाय नीट असेल तर कुठल्याही चांगल्या कंपनीची चालू चिप पुरते. सीडी म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, त्याची डायनॅमिक रेंज (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) साधारण ९६ डीबी, आणि आजचे नीट बनवलेले स्वस्त डॅकही त्याच्या पुढे जातात. त्यामुळे ३२ बिट ७६८ किलोहर्ट्झ असलं काही डब्यावर दिसलं म्हणून जास्त पैसे घालू नका.

आता एकेक बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ॲपलचं यूएसबी-सी वालं हेडफोन डोंगल. दिसायला कायच नाही पण आवाज खरंच स्वच्छ आहे, एका बाजूला साडेतीन एमएम पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी आरसीए अशी वायर आणली की थेट ॲम्पच्या ऑक्सला. लॅपटॉप किंवा आयपॅड हाच एकमेव सोर्स असेल तर मी बिनधास्त हेच सांगेन. अडचण आउटपुटची आहे, हे साधारण १ व्होल्ट देतं आणि युरोपसाठीचं मॉडेल त्याच्याही निम्मं, आणि घरातल्या सीडी प्लेयरसारख्या वस्तू २ व्होल्ट देतात, म्हणजे इथं ६ ते १२ डीबी कमी. ॲम्पचा नॉब जास्त फिरवावा लागतो एवढंच, पण ॲम्प जुना असेल आणि वर नेल्यावर सुरसुर करत असेल तर ते जाणवतं. अँड्रॉइड फोनला लावणार असाल तर नको, बऱ्याच फोनवर त्याचं आतलं व्हॉल्यूम पूर्ण वर जातच नाही आणि आवाज फारच बारीक येतो.

दुसरी फिओची डी०३के, छोटी डबी, ऑप्टिकल आणि कोॲक्सियल (तेच डिजिटल, पण तांब्याच्या वायरीतून) आत, आरसीए बाहेर, २४ बिट १९२ पर्यंत. टीव्ही किंवा जुन्या सीडी प्लेयरसाठी पुरेशी आहे. तिला मायक्रो यूएसबी दिसतं म्हणून लोक कॉम्प्युटरला लावतात आणि गाणं वाजत नाही म्हणून वैतागतात, तो पोर्ट फक्त पॉवरचा आहे. आणि टीव्हीला जोडल्यावर आवाजच आला नाही किंवा नुसती खरखर आली तर डबी खराब आहे असं लगेच समजू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट डॉल्बी किंवा ऑटोवर असेल ते पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा, हे असले डॅक डॉल्बी उलगडत नाहीत, ही एक सेटिंग न बदलल्यामुळे किती जण चांगली वस्तू परत करत असतील.

खरी चुरस आहे ती एसएमएसएलचा एसयू-१ आणि टॉपिंगचा ई३० यांच्यात. दोघांनाही यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सियल तिन्ही आहे, दोघंही आरसीएवर २ व्होल्टच्या आसपास देतात, आवाजात मला तरी फरक सांगता येणार नाही. फरक वापरण्यात आहे. एसयू-१ ला रिमोट नाही, व्हॉल्यूम नाही, डिस्प्ले नाही, आणि तुमच्याकडे नॉबवाला ॲम्प आधीच असेल तर हे सगळं नसलेलंच बरं, कमी पैशात काम होतं आणि बिघडायला पण काही नाही. ई३० ला रिमोट आहे आणि प्रीॲम्प मोड आहे, म्हणजे पॉवर ॲम्प किंवा आतच ॲम्प असलेले स्पीकर असतील तर सोफ्यावर बसून आवाज कमी-जास्त करता येतो, तिथं मी ई३० लाच जास्त पैसे देईन. फक्त प्रीॲम्प मोडमध्ये पहिल्यांदा चालू करताना आवाज खाली आहे ना ते बघून घ्या, पूर्ण २ व्होल्ट थेट पॉवर ॲम्पमध्ये गेले तर स्पीकरचं काही खरं नाही.

आयफायचा झेन डॅक पण खूप जण विचारतात. पुढं मोठा नॉब, हेडफोनसाठी ४.४ एमएम बॅलन्स्ड सॉकेट, हातात घ्यायला मस्त. पण आत फक्त यूएसबी, ऑप्टिकल नाही. रात्री हेडफोन आणि दिवसा स्पीकर असं असेल तर घ्या, नुसत्या स्टिरिओसाठी त्या हेडफोन ॲम्पचे पैसे कशाला द्यायचे.

ब्लूटूथवाला डॅक सोयीसाठी ठीक, ब्लूटूथवर आवाज कुठल्या कोडेकने (दाबून पाठवायच्या पद्धतीने) जातो ते बघा, अँड्रॉइड असेल तर एलडॅक आहे का, आयफोनला एएसी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. यूएसबीने लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या अर्थिंगमधून वायरीत शिरणारी गुणगुण, नवीन डॅक घेऊन तो जाईलच असं नाही. ऑप्टिकल वायरमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो, त्यामुळे कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउट असेल तर तेच वापरा. माझ्याकडे महिनाभर चालू असलेली घूंघूं अशीच एका वायरीने गेली.

घरी आणल्यावर जुनं आणि नवं तुलना करायचं असेल तर दोन्हीचा आवाज आधी सारखा करून घ्या, टेस्ट टोन लावून मल्टिमीटरने ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्टेज जुळवलं तर उत्तम. १ व्होल्टवालं डोंगल आणि २ व्होल्टवाला डॅक नुसते अदलाबदल करून ऐकले तर डॅक भारीच वाटणार, कारण तो मोठ्याने वाजतोय.