गॅस फ्रायर घेताना आधी खाली वाकून बघा

आमच्या कँटीनच्या स्वयंपाकघरात हा उभा, आडव्या नळ्यांचा (नळ्यांच्या आत बर्नरची आच, बाहेर तेल) गॅस फ्रायर आल्यापासून तळणाचं काम सुटसुटीत झालंय. गार माल पडला तरी तेल पटकन परत तापतं. पण तळतो कसा, यावर फार लिहीत नाही, ते कुठलाही बरा फ्रायर करतो. मशीनचा कस लागतो तो धुवायला काढल्यावर.

सगळ्यात आवडली ती नळ्यांच्या खालची खोलगट जागा. तिथलं तेल वरच्यापेक्षा बरंच थंड राहतं, त्यामुळे खाली बसलेला चुरा जळत नाही आणि तेल लवकर काळं पडत नाही. निचऱ्याचा कॉकही रुंद आहे, गाळ अडकत नाही. मात्र कॉकच्या दांड्याला खटका नाही! गुडघा लागला तरी दांडा हलतो आणि त्यामागे तापलेलं तेल आहे. एवढ्या मोठ्या मशीनला एक खटका जड झाला का?

तेल काढायचं तर बर्नर आणि पायलट (बर्नर पेटवणारी, सतत जळती छोटी ज्योत) दोन्ही बंद करून ते पुरेसं निवू द्यायचं, आणि खाली भांडं धातूचंच. (घाईत प्लास्टिकची बादली पुढे करणारा एकजण प्रत्येक स्वयंपाकघरात असतोच.) आत काळा थर चढला की पाण्यात फ्रायरचा क्लीनर घालून मंद उकळी काढते. फेस झरझर वर येतो, तेव्हा तिथून हलायचं नाही. मग स्वच्छ पाण्याने धुऊन अगदी कोरडं पुसायचं, कॉकच्या तोंडाशीसुद्धा. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट जागा घेते, म्हणजे तळाशी राहिलेलं घोटभर पाणीही गरम तेल बाहेर उडवायला पुरतं. पुन्हा पेटवताना कॉक बंद आणि नळ्या तेलात पूर्ण बुडालेल्या हव्यात.

सुरक्षेच्या बाबतीत तक्रार नाही. पायलट मुद्दाम विझवून पाहिला, ज्योतीची उष्णता ओळखणारा थर्मोकपल थंड झाल्यावर गॅसचा व्हॉल्व्ह टक करून मिटला. तेलाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला तर गॅस तोडणारा हाय-लिमिट वेगळा आहे. तो वारंवार गॅस तोडत असेल तर रीसेटचं बटण दाबत बसू नका, मेकॅनिक बोलवा.

पायलटची जागा मात्र वैताग आणते. पार मागच्या कोपऱ्यात, लांब लायटर घेऊन जमिनीवर बसावं लागतं. विझल्यावर निदान पाच मिनिटं थांबते आणि आधी खाली वास घेते, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरच्या हवेच्या भोकांत धूळ-तेलकटपणा बसलाय असं समजावं. मशीन गार असताना कोरड्या ब्रशने ती साफ होतात, पण समोरची पट्टी काढायला चार स्क्रू आहेत, त्यामुळे पोरं टाळाटाळ करतात.

मागे साफ करायला चाकांवर ओढता येतं, हे उत्तम. पण ओढताना गॅसच्या नळीवर ताण येऊ नये म्हणून लागणारी साखळी आम्हाला वेगळी बसवून घ्यावी लागली. ती मशीनबरोबरच यायला हवी होती.