गोळ्या की अॅब्लेशन? मामांच्या धडधडीचा हिशेब

"छातीमा धडधड व्हस," यावलचे मामा वर्षभर एवढंच सांगायचे. ईसीजीत एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत: मामी गोळ्यांच्या, मुलगा अॅब्लेशनचा, म्हणजे नळी घालून करायच्या उपचाराचा.

गोळ्यांची सोय अशी की दवाखान्यात राहावं लागत नाही. ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या गोळीनं अनेकांचं भागतं. पण अंगात मरगळ येते. मामा बागेच्या बांधापर्यंत जाऊन मोटारीच्या ओट्यावर बसतात, दोन बोटं मनगटावर. अमिओडॅरोन ठोके ताळ्यावर आणायला जोरकस, मात्र थायरॉईड, यकृत आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं.

अॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चटके देऊन किंवा गोठवून खोडसाळ विद्युत लहरी अडवतात. त्या लहरी बहुतेक तिथूनच उठतात, हे १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडायचं आणि काही दिवस केळीचा घड उचलायचा नाही. (मामांना हेच जड जाणार.) पहिले दोन-तीन महिने धडधड परत आली, तरी लगेच "फसलं" म्हणायचं नसतं. काहींना मात्र दुसऱ्यांदा करावं लागतं. रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात हे धोके कमी, पण आहेत.

आता जगण्याच्या दर्जाचं. गोळ्या आणि अॅब्लेशन यांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या कबाना चाचणीत २,२०० हून अधिक रुग्ण होते. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि हृदय बंद पडणं यांचा एकत्र हिशेब केला, तर अॅब्लेशननं ठळक फरक पडला नाही. वर्षभरानंतरचं रोजचं जगणं मात्र अॅब्लेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. "हा मनाचा खेळ असेल," असं मलाही वाटलं होतं. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या १२६ जणांच्या चाचणीत काहींवर लुटुपुटीची प्रक्रिया केली, तरी सहा महिन्यांनी खरी झालेलेच बरे निघाले.

मुलाचा एक गैरसमज मोडावा लागला. एएफमध्ये रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात; अॅब्लेशन झालं म्हणून ती सुटत नाही. ती वय, बीपी, साखर आणि आधीचा पक्षाघात पाहून ठरते. सांधेज्वरानं मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झालेली असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम ही जुनी गोळी लागते. मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत राहायचं. पालेभाज्यांनी या गोळीचा असर बदलतो, म्हणून मेथी-पालक बंद नको, आठवडोन्‌आठवडे प्रमाण सारखं ठेवा.

माझं मत? धडधडीची जाणीवच नसेल आणि वेग आटोक्यात असेल, तर नाशिक-मुंबईच्या फेऱ्यांची घाई कशाला? मामांचं तसं नाही. गोळ्या घेऊनही ते रात्री उठून नाडी बघतात. म्हणून मी मुलाच्या बाजूनं. मामी म्हणतात, वजन दहा किलोनं उतरवा, रात्रीचं घोरणं तपासून घ्या, मग बघू. तेही खरंच, जादा वजन आणि झोपेत श्वास अडकवणारं घोरणं, या दोन्हींनी एएफ वाढतं. मामांनी शेवभाजीची वाटी बाजूला सारली आहे, सध्या तरी.