एम.आय.ए.चा ‘कला’: कित्येक महिने ऐकल्यानंतर

एम.आय.ए.चा ‘कला’ हा अल्बम चांगल्या स्पीकरवर ऐका आणि पहिली तीन गाणी शब्दांकडे लक्ष न देता फक्त ढोलांसाठी ऐका. गेले कित्येक महिने हा अल्बम माझ्या गाडीत, स्वयंपाकघरात आणि आमच्या तालमीच्या खोलीत वाजतो आहे. त्याच्याबद्दल मराठीत कुणी तब्येतीत लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे सविस्तर.

थोडी माहिती आधी. एम.आय.ए. म्हणजे माया अरुलप्रगासम, ब्रिटिश रॅपर आणि गायिका. जन्म १९७५ चा, लंडनमधला. कुटुंब श्रीलंकेतलं तमिळ. लहानपण जाफन्यात गेलं, मध्ये काही काळ चेन्नईत, आणि मग यादवीतून वाट काढत आई मुलांना घेऊन निर्वासित म्हणून लंडनला आली. वडील तमिळ चळवळीत होते. २००५ साली आलेल्या पहिल्या अल्बमला तिने वडिलांचं चळवळीतलं नाव दिलं, ‘अरुलर’. ऑगस्ट २००७ मध्ये दुसरा आला, त्याला आईचं नाव, ‘कला’. वडील दूर असताना मुलांना जिने वाढवलं तिचं.

या दुसऱ्या अल्बमच्या आवाजाचं मूळ एका अडलेल्या व्हिसात आहे. पहिल्या अल्बमचं कौतुक झाल्यावर तिला अमेरिकेत जाऊन टिंबालँडसारख्या बड्या संगीत-निर्मात्यांबरोबर काम करायचं होतं. २००६ मध्ये अमेरिकेचा व्हिसा अडकला. मग ती जिथे जाता येईल तिथे गेली. भारत, त्रिनिदाद, जमैका, लायबेरिया, ऑस्ट्रेलिया. प्रत्येक ठिकाणी ध्वनिमुद्रण केलं, आणि स्विच हा ब्रिटिश निर्माता व डिप्लो हा अमेरिकन निर्माता यांच्याबरोबर ते जुळवलं. ‘अरुलर’ बराचसा रोलँडच्या एमसी-५०५ या एकाच इलेक्ट्रॉनिक यंत्रावर उभा होता, त्यामुळे तो सडसडीत आणि कोरडा वाजतो. ‘कला’मध्ये धूळ आहे, गर्दी आहे, कातडं आहे.

कातड्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण मी घुमट वाजवते, गोव्याचं मडक्याचं तालवाद्य. गोव्यात डिचोलीच्या बाजूला आमचा बायकांचा आरती मंडळाचा गट आहे. गणेशचवथीला घरोघरी आरत्या, एरवी आठवड्यातून तालीम. रॅपशी माझा संबंध भाच्यांच्या फोनपुरता होता. या अल्बमपर्यंत मी पोचले ती ‘बर्ड फ्लू’मुळे, आणि तेही कुणीतरी ‘हे ढोल ऐक’ म्हणून पाठवलं म्हणून.

‘बर्ड फ्लू’ आणि ‘बॉइज’ या दोन गाण्यांत तमिळनाडूतली उरुमी आहे. उरुमी कमरेत बारीक असते आणि तिला दोन तोंडं असतात. एका तोंडावर काठीचा मार, दुसऱ्यावर वाकडी काठी घासून काढलेला हुंकार. तो हुंकार ऐकला की घुमट वाजवणाऱ्याचा डावा हात आपोआप हलतो. घुमटाचं मडकं एका बाजूने कातड्याने मढवलेलं असतं आणि दुसरं छोटं तोंड उघडं. डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत आम्ही आवाज खाली-वर नेतो. वाद्यं वेगळी, रीत वेगळी, पण मारलेल्या ठोक्याला नंतर वाकवायचं हे दोन्हीकडे आहे. यंत्रावरच्या ड्रमचा ठोका पडला की पडला. उरुमीचा ठोका पडल्यावरही चालू राहतो.

आता मला या अल्बमबद्दल जे खरं सांगायचं आहे ते. घुमट आरतीत घुमट आणि त्याच्या जोडीचा ढोल, शामेळ, फिरतात, रंगतात, उठाव घेतात. कासाळे मात्र एका जागी राहतात. झांजांसारखं ते वाद्य, दिसायला साधं, पण ते हललं की सगळी आरती कोसळते. रॅपमध्ये सहसा याच्या उलट असतं. ताल यंत्रासारखा ठाम चालतो आणि रॅपर त्याच्यावर शब्दांनी खेळतो, लय मोडतो, पुन्हा सांधतो. माया असं करत नाही. तिच्या ओळी आखूड, स्वर सपाट, शब्द थोडे, पुनरावृत्ती भरपूर. ‘बर्ड फ्लू’मध्ये ढोल सैरावैरा धावतात आणि ती त्यांच्या मधोमध कासाळ्यांसारखी ठाम. फिरायचं काम कातडं करतं, थांबायचं काम ती करते.

ती मुळात रॅपर आहे का, असं विचारणारे बरेच होते. शब्दचातुर्य कमी, यमकं बालगीतासारखी, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी शब्दांची कसरत मोजली. तालवाद्याच्या बाजूने ऐकलं तर तिची जागा इतकी अचूक आहे की एक शब्द जास्त झाला असता तरी ते गाणं फुटलं असतं. महिनोन्‌महिने ऐकून माझं हे मत पक्कं झालं आहे: या अल्बममधली जी गाणी टिकली त्यांत तिचा आवाज कासाळे आहे, आणि जी विटली त्यांत ताल स्थिर असून सगळा भार तिच्या आवाजावर पडला आहे.

टिकलेल्यांत पहिलं ‘बांबू बांगा’. अल्बम याच गाण्याने सुरू होतो. मागून इळैयराजांच्या संगीतातला तुकडा येतो, मणिरत्नमच्या १९९१ च्या ‘दळपती’तल्या गाण्यातला, पण तो आधी ओळखूच येत नाही. खालचा ठोका भरधाव गाडीसारखा चालतो, आणि तो तुकडा हळूहळू खिडकीतून आत यावा तसा वर येतो. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाड्या तुंबलेल्या असताना हे गाणं लावू नये, जीव तळमळतो. साखळीकडच्या मोकळ्या रस्त्यावर लावावं.

‘बॉइज’ आमच्या गटात सगळ्यांना आवडलं, ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना जास्त. त्यात शिमग्याच्या रोमटामेळाची, म्हणजे ढोल वाजवत निघणाऱ्या मिरवणुकीची, गर्दी आहे. त्याचा व्हिडिओ जमैकात चित्रित झाला, पुरुष नर्तकांचा मोठा जथा नाचतोय आणि ती त्यांना फर्मावतेय. एकदा तालमीआधी आम्ही त्यावर शामेळ धरून पाहिला. बसतो. आमचा नेहमीचा आरतीचा ठेका नाही बसत, तो वजनाने वेगळ्या ठिकाणी पडतो; पण मिरवणुकीतला ढोलाचा साधा ठेका घेतला की एकदम घट्ट बसतो.

‘ट्वेंटी डॉलर’ हे माझ्या लेखी अल्बममधलं सर्वांत वजनदार गाणं, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. जड, खरखरीत, सिंथेसायझरचा आवाज गंजलेल्या पत्र्यासारखा. पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडच्या गाण्यातली ओळ तिने इथे अशी म्हटली आहे की मूळ गाण्यातला हलकेपणा निघून गेला आहे. हे रात्री उशिरा, आवाज कमी ठेवून ऐकायचं गाणं आहे. ‘हसल’मध्ये आफ्रिकन बॉय हा नायजेरियन वंशाचा लंडनचा रॅपर येतो आणि दोघांचे आवाज एकमेकांना छान तोलतात. ‘वर्ल्ड टाउन’ आणि ‘एक्सआर टू’ ही चालत्या गाडीची गाणी, नंतर लक्षात कमी राहतात.

‘मँगो पिकल डाउन रिव्हर’पाशी मी अजून अडखळते. त्यात ऑस्ट्रेलियातल्या विल्कॅनिया मॉब या आदिवासी मुलांच्या गटाचा रॅप आहे, खाली डिजरिडू या लांब नळीसारख्या फुंकवाद्याचा अखंड घुमारा. गाणं अर्थातच मुलांचं आहे, नदी, पूल, मासे, आणि ते फार गोड आहे. मायाचा भाग आला की मला वाटतं, ही थोडी बाजूला सरकली असती तर बरं झालं असतं.

विटलेल्यांत ‘जिमी’. हे सांगताना वाईट वाटतं, कारण आपल्याकडे सगळ्यांना आधी हेच ऐकवलं जातं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं पार्वती खान यांनी गायलेलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं गाणं तिने घेतलं, आणि शब्द टाकले ते रवांडा, काँगो, दारफूरचे. नाचाच्या चालीवर नरसंहाराची नावं. ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना अंगावर येते. पण त्या चालीला गळा लागतो, ताना नसल्या तरी भरलेला सूर लागतो, आणि तिची ताकद तिथे नाही. ‘द टर्न’ही असंच सुरांच्या मागे लागलेलं.

‘पेपर प्लेन्स’ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्या ओळखीत वेळ घालवत नाही. क्लॅश या ब्रिटिश बँडच्या १९८२ च्याच ‘स्ट्रेट टू हेल’मधला गिटारचा तुकडा, वर बंदुकीचे बार आणि गल्ल्याचा खणखणाट. २००८ मध्ये ते अमेरिकेच्या हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘स्लमडॉग मिलेनियर’मध्ये वापरलं गेलं. याच चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांच्याबरोबर तिने केलेल्या ‘ओ साया’ला ऑस्करचं नामांकन मिळालं. अमेरिकन टीव्हीवर बंदुकीचे आवाज काढून किंवा बदलून हे गाणं दाखवलं गेलं तेव्हा ती संतापली होती. व्हिसाच्या खिडकीपलीकडून आपल्याकडे ज्या संशयाने बघितलं जातं त्यातून ते गाणं आलं, असं तिचं म्हणणं. लुटारू म्हणूनच बघणार असाल तर घ्या, असा तो सूर आहे.

गोव्यात हे गाणं वेगळं ऐकू येतं, आणि मला याच गाण्यासाठी हा भाग लिहायचा होता. १९६१ आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. त्यामुळे आमच्याकडे कागदांची वाट पाहणारं घर प्रत्येक वाड्यावर सापडतं. आजोबांचा जन्मदाखला, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, त्यासाठी पुन्हा पणजीची फेरी. जहाजावर जाणारे तारवटी वेगळे, आखातात जाणारे वेगळे. परदेशी विमानतळावर पासपोर्ट उलटून पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा इथे खूप जणांनी पाहिला आहे. माझ्या मावसभावाला हे गाणं पाठवलं तेव्हा त्याने उत्तरात गाण्याबद्दल काहीच लिहिलं नाही, आपल्या पहिल्या मुक्कामातल्या रांगेबद्दल लांबलचक लिहिलं.

समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. ‘रोलिंग स्टोन’ने २००७ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘कला’ निवडला. पण त्या वेळचं लेखन आज वाचताना दोन गोष्टी मला खुपतात. एक, या सगळ्यामागचं डोकं डिप्लोचं असणार हे अनेकांनी गृहीतच धरलं. २००७ मध्येच तिने मुलाखतीत हे थेट बोलून दाखवलं की तिच्या कामाचं श्रेय पुरुष निर्मात्याला देऊन टाकलं जातं. ‘कला’चा बहुतांश भाग स्विचबरोबर झालेला असूनही लोक डिप्लोचंच नाव घेत होते. बायकांच्या घुमट गटाला हे सांगावं लागत नाही. आम्ही कुठेही वाजवलं की दुसऱ्या मिनिटाला विचारणा होते, बसवून कोणी दिलं? बसवलेलं आमच्यातल्याच दोघींनी असतं.

दुसरी गोष्ट त्या उरुमीवाल्यांची. परीक्षणांमध्ये क्लॅशचं नाव येतं, पिक्सीजचं येतं, निर्मात्यांची तर येतातच, आणि ज्यांच्या हातांवर ‘बर्ड फ्लू’ उभं आहे ते ‘भारतीय ढोल’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जातात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्याने वर्षानुवर्षं दबकत वाजलेलं हे वाद्य बकरीच्या कातड्यावर पुन्हा उजळ माथ्याने वाजू लागलं. वाद्याचं नाव कागदावर येणं काय असतं ते आम्ही पाहिलं आहे, म्हणून हे लागतं.

संगीताच्या मिश्रणाचं आम्हाला फार नवल नाही, हेही सांगते. मांडो हा आमचा गीतप्रकार व्हायोलिनच्या सुरांवर आणि घुमटाच्या ठेक्यावर चालतो. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी संगीत संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, अशा गोव्याच्या लोकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद घडवले. त्यामुळे ‘किती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आणल्या’ या कौतुकाने मी भारावत नाही. एकत्र आणलेलं एकमेकांचं वजन घेतं का, हे मी बघते. ‘कला’च्या निम्म्याहून अधिक गाण्यांत ते घेतं.

ऐकण्याबद्दल: फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, उरुमीचा हुंकार पूर्ण गायब होतो आणि उरतो तो नुसता कलकलाट. साध्या इअरफोनवर ‘बर्ड फ्लू’ कान दुखवतं. गाडीत सर्वांत चांगला वाजतो. बारा गाणी आहेत, पण शेवटचं ‘कम अराउंड’ सोडून द्या. ज्या टिंबालँडकडे जायला व्हिसा मिळत नव्हता त्याच्याबरोबर अखेर झालेलं हे गाणं, आणि आधीच्या अकरा गाण्यांचा रस्ता त्यात कुठेच ऐकू येत नाही. ताल गुळगुळीत, तोच स्वतःही रॅप करतो, आणि तिला उभं राहायला जागा उरत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘बांबू बांगा’, ‘बर्ड फ्लू’, ‘बॉइज’ सलग ऐकावीत, मग थेट ‘ट्वेंटी डॉलर’. ‘पेपर प्लेन्स’ त्याच्यानंतर.