डीबी स्पेक्ट्रम: जुन्याच चिप्स की नवं रॅम मॉड्यूल?

मित्राच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम सापडला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1980च्या दशकात परवाना घेऊन काढलेला, सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लस या ब्रिटिश घरगुती संगणकाचा देशी भाऊ. सुरू केला तर पडद्यावर नुसत्या पट्ट्या. खालची, म्हणजे पहिली 16 केबी रॅम गेलेली. आता जुन्या 4116 रॅम चिप्स शोधायच्या की आधुनिक मॉड्यूल बसवायचं?

मेहनतीत जुनी चिप जिंकते. आठ चिप्सपैकी प्रत्येकीकडे बाइटचा एकेकच बिट असतो, त्यामुळे दोषी नेमकी सापडते आणि सोल्डरचे 16 टाके सोडवून काम भागतं. मॉड्यूलसाठी बहुधा आठही उपटाव्या लागतात, म्हणजे 128 टाके. जुन्या सर्किट-पाटीवरचे तांब्याचे मार्ग तेवढ्यात उखडू शकतात.

टिकाऊपणात मात्र मॉड्यूल सरस. 4116ला +12, +5 आणि −5 व्होल्ट लागतात. −5 गायब झाला की चिप्स मरतात. मॉड्यूलला सहसा 5 व्होल्ट पुरतात. तरीही 12 व्होल्ट बनवणाऱ्या सर्किटमधला टीआर4 ट्रान्झिस्टर तपासायचं टाळू नका, चित्राच्या सर्किटला 12 व्होल्ट हवेतच. (अ‍ॅडॉप्टरचं मधलं टोक ऋण असतं, तेही आधी बघा.)

खर्च? एक-दोन चिप्स स्वस्त, पण जुना साठा म्हणजे नशिबाचा खेळ.

रोज खेळायचं असेल तर मॉड्यूल घ्या. दुर्मिळ यंत्र मुळासारखं जपायचं असेल तर मेलेली चिपच बदला, सॉकेटवर बसवा, आणि काढलेली डबीत घालून यंत्रासोबतच ठेवा. मित्राला मी हा दुसरा पर्यायच सुचवला.