कापसावर काय फवारावं: प्रोफेनोफॉस, इमिडाक्लोप्रिड की निंबोळी अर्क?

ऑगस्ट लागला की पऱ्हाटी कमरेला येते, पानामागे तुडतुडे दिसायला लागतात आणि कृषी केंद्रात एकच विचारणा सुरू होते, ‘कोणतं मारू?’ उत्तर मिळतं ते कीड किती लवकर मरेल एवढ्यापुरतं. इथे तीन पर्याय शेजारी ठेवले आहेत, पण मोजायचं आहे ते वेगळंच: पंप पाठीवर घेणाऱ्याचं काय होतं, आणि शेतातल्या, ओढ्यातल्या बाकी जिवांचं काय होतं.

बरेच जण डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघून निवडतात. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. काहीच न बघण्यापेक्षा हे बरं. पण तो रंग ठरतो विष एकदम पोटात किंवा अंगावर गेलं तर किती मात्रेने जीव जातो त्यावरून. रोज थोडं थोडं कातडीत मुरणारं विष, मधमाश्या, विहिरीचं पाणी यांचा हिशेब त्यात नाही. प्रोफेनोफॉस आणि इमिडाक्लोप्रिड दोघांचाही त्रिकोण पिवळाच आहे. स्वभाव मात्र दोन टोकांचे.

प्रोफेनोफॉस माणसाला जास्त धोक्याचं. ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. शरीरात नसांचा संदेश पोचला की तो थांबवणारं एक विकर असतं, कोलिनएस्टरेज. हे औषध त्यालाच बंद पाडतं. मग लाळ सुटते, दरदरून घाम येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडतो. हे विकर भरून यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणजे सोमवारी एकाच्या वावरात, मंगळवारी दुसऱ्याच्या वावरात हजेरीने फवारणाऱ्या मजुराच्या अंगात कालची तूट तशीच असते आणि आज त्यात भर पडते. शेतमालक वर्षातून चारपाच वेळा फवारतो, म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ असं तो खुशाल म्हणू शकतो. औषध निवडतो तो, अंगावर घेतो दुसराच.

विष नाकातोंडातूनच जातं असा समज आहे, म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की काम झालं असं वाटतं. खरी वाट कातडीची. पंपाच्या झाकणातून पाझरून सदऱ्याची पाठ आणि कंबर ओली होते, उन्हाने घाम सुटलेला असतो, आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर फवारा थेट तोंडासमोर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात हेच झालं. उंच, दाट पीक, किडीचा जोर, एकाच टाकीत दोनतीन औषधं. २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांतली दोन तयार मिश्रणं होती: प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन, आणि फिप्रोनिल अधिक इमिडाक्लोप्रिड. यादीत मोनोक्रोटोफॉसही होतं. भाजीपाल्यावर ते २००५ पासून बंद होतं, कापसावर मात्र चालूच. त्याच्या ३६ एसएल (३६ टक्के, पाण्यात विरघळणाऱ्या) प्रकारावर केंद्राचा बंदीचा निर्णय यायला २०२३ उजाडलं. इतका उशीर का, हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

इमिडाक्लोप्रिड माणसासाठी त्यामानाने सौम्य. ते किडीच्या मज्जातंतूंना जितकं चिकटतं तितकं आपल्याला नाही. पण ते झाडाच्या रसात भिनतं, परागात आणि मकरंदात उतरतं, आणि मधमाशी तिथेच येते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. शिवाय ते पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे पावसाच्या निचऱ्याबरोबर ओढ्यात जातं. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत: बीटी बियाण्याला बहुतेक वेळा याच गटाच्या औषधाची प्रक्रिया आधीच केलेली असते. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यावर पुन्हा तेच मारणं म्हणजे पैसा वाया घालवणं आणि तुडतुड्यांना ते पचवायला शिकवणं.

निंबोळी अर्काचं उलटं. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबण घाला आणि पाणी घालून १०० लिटर करा. झाला पाच टक्के अर्क. फवारणाऱ्याला धोका अगदी कमी. ढालकिडा, क्रायसोपा हे मित्रकीटक बरेचसे वाचतात. पण उणिवाही आहेत. कीड पटकन मरत नाही, ती खाणं सोडते आणि तिची वाढ खुंटते. उन्हाने अर्काचा जोर लवकर जातो, म्हणून संध्याकाळीच फवारायचा. पाऊस आला तर पुन्हा. शिवाय निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर वेचून वाळवून ठेवाव्या लागतात. ऑगस्टमध्ये आठवण झाली तर विकतचा अर्क घ्यावा लागेल.

गुलाबी बोंडअळीसाठी मात्र या तिघांतलं कुणाच्याच भरवशावर राहू नका. अळी बोंडात शिरली की आत फवारा पोचत नाही. कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करा.

माझा कल असा. पहिले दोन महिने निंबोळी अर्क आणि पानं उलटून तुडतुडे मोजणं. एका पानावर दोनतीनपेक्षा जास्त निघाले तर रासायनिक औषध घ्या, पण एकच. आणि इमिडाक्लोप्रिड असेल तर फुलं लागण्याआधी. शेजारी मधपेट्या असतील तर तेही नको. प्रोफेनोफॉस मजुराकडून मारून घेणार असाल तर हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, न गळणारा पंप आणि पुढचे काही दिवस त्याला दुसरं काम, हे सगळं तुम्ही देणार आहात का? नसाल तर ते विकत घेऊ नका. टाकीत मिश्रण तर मुळीच नको: प्रोफेनोफॉसच्या विषबाधेवर ॲट्रोपिन चालतं, सायपरमेथ्रिनला तसा उतारा नाही, आणि दोन्ही अंगात असली की डॉक्टरांचंही काम अवघड होतं. कुणाला चक्कर आली, मळमळलं, तर आधी ओले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि रुग्णासोबत डबा किंवा निदान त्याचं लेबल दवाखान्यात न्या.