काँग क्लासिक: कुत्र्याची कुईकुई रबरी खेळण्याने थांबते का?

आमची राणी ही अडीच वर्षांची, मध्यम बांध्याची गावठी कुत्री. घरून काम करण्याचे दिवस संपून आम्ही दोघेही सकाळी नऊला बाहेर पडू लागलो, तेव्हापासून तिने जी कुईकुई सुरू केली ती दोन मजले खालपर्यंत ऐकू जाऊ लागली. "दिवसभर लेकरू रडल्यासारखं वाटतं हो," असे शेजारच्या काकूंनी दारात थांबवून सांगितल्यावर काहीतरी करणे भागच होते. त्यासाठी घेतलेल्या ‘काँग क्लासिक’ या पोकळ रबरी खेळण्याचा चार महिन्यांचा अनुभव येथे मांडत आहे.

त्याआधी आम्ही एक चुकीची खरेदी केली होती. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे. या फरकावर चालणारे, कुत्रे ओरडले की आपल्याला ऐकू न येणारा कर्कश आवाज सोडणारे ते यंत्र होते. राणी त्याला घाबरून दिवाणाखाली शिरली आणि तिथे बसून कुईकुई करू लागली. मुळात भेदरलेल्या जिवाला आणखी भेदरवून गप्प करायचे, ही कल्पनाच आम्हाला पटेनाशी झाली आणि यंत्र चार दिवसांत माळ्यावर गेले.

काँगचा जन्म मात्र कुत्र्याच्या आवडीतूनच झालेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये जो मार्कहम यांचा जर्मन शेफर्ड दगड चघळून दात झिजवत असे. गाडी दुरुस्त करताना बाजूला पडलेला फोक्सवॅगनचा एक रबरी भाग त्याने आनंदाने चघळायला घेतला आणि त्यावरून हे खेळणे सुचले. एकावर एक ठेवलेल्या तीन लाडवांसारखा त्याचा आकार असल्यामुळे ते जमिनीवर पडले की कुठल्या दिशेला उडेल याचा नेम नसतो. एका टोकाला खाऊ भरण्याचे मोठे तोंड आहे आणि दुसऱ्या टोकाला हवेसाठी बारीक छिद्र, त्यामुळे चाटताना आत पोकळी निर्माण होऊन जीभ अडकत नाही. लाल रंगाचे खेळणे पूर्ण वाढ झालेल्या सर्वसाधारण कुत्र्यांसाठी, तर काळे अधिक कडक आणि जोरात चावणाऱ्यांसाठी असते. वजन पाहून योग्य मापाचेच घ्यावे. लहान घेऊन पैसे वाचवायला गेल्यास ते घशात अडकण्याचा धोका असतो.

पहिल्या दिवशी आम्ही त्यात उकडलेले चिकन ठासून भरले, तिच्यापुढे ठेवले आणि कामाला निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा खेळणे होते तसेच भरलेले होते, त्याच्यापासून गॅलरीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती आणि राणी दाराशी धापा टाकत होती. दोष खेळण्याचा नव्हता. एकटेपणाने कासावीस झालेले कुत्रे आवडत्या खाण्यालाही तोंड लावत नाही, हे पशुवैद्यांनी आम्हाला नंतर सांगितले. त्यांनी आधी कान तपासले, तर डाव्या कानात पावसाळी संसर्ग निघाला. थेंब सुरू केल्यावर रात्रीची कुईकुई, जिला आम्ही इतके दिवस लाड समजत होतो, आठवड्यात बंद झाली. त्यामुळे खेळण्यावर खर्च करण्याआधी दवाखाना गाठावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस काँग फक्त आम्ही घरात असतानाच दिले, कारण ते केवळ निघताना दिले असते तर ते दिसताच ‘आता ही माणसे जाणार’ असे तिने ताडले असते. आधी सहज सांडेल असा कोरडा खाऊ, मग बिनमिठाचा मऊ दहीभात आणि शेवटी उकडलेला लाल भोपळा भरून रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवलेले काँग, असा क्रम ठेवला. (कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना घातक असल्यामुळे घरातला उरलासुरला पदार्थ डोळे झाकून भरू नये.) सोबतच चपला घालून दाराबाहेर जाणे आणि एका मिनिटात परत येणे, मग तीन मिनिटे, मग दहा, असा सरावही चालू ठेवला. आता गोठलेले काँग तिला पाऊण तास पुरते. घरात ठेवलेल्या मोबाइलच्या चित्रणात दार बंद झाल्यावर ती एकदा मान वर करते आणि पुन्हा पंजांत धरून चाटू लागते.

जेवणाच्या ताटाशी चालणाऱ्या कुईकुईवर मात्र याचा काडीचाही उपयोग नाही. उलट ती कुरकुरली की आम्ही काँग पुढे करत असू, आणि आठवडाभरात तिने फ्रीजसमोर बसून त्याची मागणी करायला सुरुवात केली. ती सवय मोडताना, दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस आवाज वाढतो, याची मनाची तयारी ठेवावी लागली. आता ती स्वतःहून गप्प बसली की मगच काँग मिळते.

धुणे हे वेगळे काम आहे. दही आत सुकले तर गरम पाण्यात भिजत घालून बाटलीच्या ब्रशने घासावे लागते. म्हणून आम्ही दुसरे काँग घेतले. एक मोरीत भिजत असते, दुसरे फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी उभे असते.